दिरांसमोर टाकलेली पावलं

शिमग्यानंतरचा शनिवार, सकाळी साडेनऊ, गावच्या शाळेचा हॉल. हजर: बायका चौदा, पुरुष बारा, शहरातल्या कॉलेजातून आलेलं तिघांचं पथक, आणि मी. उशिरा आले: पुरुष, सगळे.

बायकांची नावं मी गोळा केली होती, कारण बचत गटाची वही माझ्याकडे असते. बाई आणि पुरुष यांच्या स्नायूंत, हाडांत आणि चालण्यात नेमका काय फरक असतो, ते पथकाला शोधायचं होतं. दिवसही त्यांनीच निवडला. एरवी आमच्या गावात तपासायला पुरुष मिळत नाहीत, सगळे मुंबईला; शिमग्यालाच काय ते गावी येतात. तेवढी एक गोष्ट त्यांना बरोबर कळली होती.

चाचण्या तीन. यंत्राची मूठ दाबायची, दहा मीटर चालायचं, आणि टाच एका पेटीत ठेवून हाड तपासून घ्यायचं. हाडाच्या तपासणीचा कागद ज्याचा त्याला मिळणार होता. माझी थोरली जाऊ त्या कागदासाठी आली होती. पावसाळ्यात बांधावरून घसरून तिचं मनगट मोडलं, ते जुळलं; पण तेव्हापासून डाव्या कमरेत कळ होती. हाडं ठिसूळ झाली असतील, तपासून घ्या, तोवर डोक्यावर ओझं नको, असं देवरूखच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि हे दिवस भाजावळीचे. भातखाचरात जाळायला कवळाचे, म्हणजे तोडलेल्या फांद्यांचे, भारे डोंगरातून खाली आणायचे होते.

"आज काय ता कळूदे," ती मला म्हणाली. "हाडं धड असली तर सोमवारी डोंगरात जाईन. नसली तर ह्यांना सांगेन, रजा वाढवा नि तुम्हीच उचला."

आधी पुरुष. पालखी नाचवून सगळ्यांचे खांदे सुजलेले; एकाचा हात कानाच्या वर जात नव्हता. पथकाच्या प्रमुखाने त्याच्या नावापुढे 'हालचाल कमी' असं लिहिलं. पालखीचंही लिहा, असं मी सुचवलं. तो म्हणाला, त्याला रकाना नाही.

मग बायकांचं चालणं. जमिनीवर खडूची रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बाकांवर तपासून झालेले पुरुष आरामात बसलेले. कुणाचे सासरे, कुणाचे थोरले दीर. त्यांच्यासमोरून जाताना आमच्याकडे बाई पदर डोक्यावर घेते, मान खाली घालते आणि पाऊल चोरते. पहिल्या तेरा जणी तशाच गेल्या. प्रमुख खूश.

"बघा ताई, किती स्पष्ट फरक दिसतोय. खुब्याची ठेवणच वेगळी ना."

"खुब्याची नाही, बाकांची," मी म्हटलं. "या मंडळींना बाहेर पाठवा आणि बायकांना परत चालवा."

"सगळ्यांना सारखीच परिस्थिती द्यावी लागते."

"मग पुरुष चालले तेव्हा समोर त्यांचे सासरे बसवायचे होते."

बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, "आमी काय केलाव? नुस्ते बसलेलो हाव."

"ताच तर," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका पदराआड हसल्या.

प्रमुख हसला नाही. त्याने आकडे लिहून घेतले. याच बायका साडी गुडघ्याच्या वर खोचून, डोक्यावर भारा घेऊन उतार उतरतात, तेव्हा त्यांच्याबरोबर दहा मीटर चालायला त्याला धावावं लागलं असतं. पण डोंगरात यायला त्याच्या वेळापत्रकात जागा नव्हती. तीन तासांत लाज मोजून तिला हाडं म्हणणं सोयीचं होतं.

चौदावी माझी जाऊ. ती चालली, आणि डाव्या पायावर लंगडली. प्रमुखाने तिचं नाव खोडलं.

"यांची चाल नैसर्गिक नाही. नमुन्यात बसत नाहीत."

"नमुन्यात नका बसवू. टाच तेवढी तपासा."

"नमुन्यात आहेत त्यांचीच टाच तपासतो."

म्हणजे हाडांचा अभ्यास करायला आलेली माणसं, जिचं हाड दुखतंय तिलाच वगळणार. जावेने तोवर चप्पल काढून ठेवली होती. सकाळी तिने दगडाने घासून टाचा स्वच्छ केल्या होत्या, ते मी पाहिलं होतं. तिने चप्पल परत पायात घातली.

"असूदे गो," ती म्हणाली. "भाकऱ्या थापायच्यात अजून."

पथकाचं जेवण आमच्याकडेच ठरलं होतं. पेटी आमच्या ओटीवर तासभर बंद पडून होती आणि तिघं आत जेवत होते. मी पुन्हा विचारलं. प्रमुख म्हणाला, पुढच्या फेरीत नक्की बघू. मग त्याने तांदळाची चौथी भाकरी मागून घेतली आणि करणारीच्या हाताचं कौतुक केलं. मोडलेला हात तोच.

तेरा जणींना कागद मिळाले. रविवारी थोरले दीर, म्हणजे जावेचे यजमान, मुंबईला गेले. रजा वाढवायची का, हे त्यांना कुणी विचारलंच नाही, कारण दाखवायला हातात काही नव्हतं. सोमवारी जाऊ डोंगरात गेली. जाताना म्हणाली, दुखतंय म्हणजे हाड जागेवर आहे.

रत्नागिरीला तपासणीसाठी मी दोनदा नंबर लावला. दोन्हीदा ती आली नाही: पहिल्यांदा तिचे भारे अर्धे राहिले होते, दुसऱ्यांदा खाचरं भाजायला घेतली होती. पुढचा नंबर बुधवारचा आहे. सातची एसटी पकडावी लागेल, आणि तिला ते अजून मी सांगितलेलं नाही.