गिरणीशेजारचा कॉम्प्युटर

सकाळपासूनच आभाळ भरून आलं होतं. होळी नुकतीच झालेली, आणि या दिवसांत असलं काळं आभाळ कोंढा गावात कुणालाच नको असतं. घरोघरच्या अंगणात नुकतंच काढलेलं लाखोळीचं कडधान्य वाळत पडलेलं असतं. निर्मलाबाईंनी पदर खोचला आणि पसरलेली लाखोळी सुपानं पोत्यात भरायला घेतली. सूप असं दणादणा आपटत होतं की निम्मे दाणे पोत्याबाहेर उडत होते.

"अवो मास्तरीनबाई, लाखोळीनं काय केलं तुमचं?" नवरा घनश्याम गोठ्याच्या दारातून म्हणाला. "टेकचंद सरचा राग हाये तं त्याले झोडपा."

"त्याचा काहून राग येइन मले? पाठवनारा हेडमास्तर हाये."

झालं होतं असं. गावच्या शाळेला सरकारकडून एक कॉम्प्युटर मिळाला होता. मिळून वर्ष होत आलं, पण तो काचेच्या कपाटात कुलपाआड. वर टर्किश टॉवेल. दसऱ्याला त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि कुलूप पुन्हा लागलं. आता अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चात नागपूरला आठ दिवसांचं प्रशिक्षण निघालं, शाळेतला एक शिक्षक पाठवा म्हणून पत्र आलं. निर्मलाबाई चौदा वर्षांपासून नववी-दहावीला गणित शिकवत होत्या. कॉम्प्युटरवरची दोन पुस्तकं त्यांनी पोस्टानं मागवून उभी-आडवी वाचली होती. त्यांनी अर्ज दिला. हेडमास्तरांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "यंत्राचं काम आहे, बाई. तिथं आठ दिवस राहावं लागेल. टेकचंद सरांना पाठवतो. त्यांना मोटरसायकल खोलता येते."

टेकचंद सर कवायतीचे मास्तर. शिट्टी चांगली वाजवायचे.

ही गोष्ट काल घडली आणि रात्रभर त्यांच्या डोक्यात घोळत राहिली. पोत्याचं तोंड सुतळीनं आवळता आवळता त्या म्हणाल्या, "येत्या आयतवारी नागपूरले जाऊ. मी माह्या घरी कॉम्प्युटर आनतो."

घनश्याम बैलाला वैरण टाकता टाकता थांबला. "घरी?"

"घरी. माह्या पगारातले पैसे बाजूले हायेत. शाळेतल्याले हात लावू देत नाई ना? मंग मी घरी शिकतो. एक दिवस तं कपाट उघडनच. तवा तास कोन घेते ते पाहू."

सीताबर्डीच्या दुकानात शिरण्याआधी बसमध्येच त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं होतं. घरी काळा-पांढरा टीव्ही आहे, तोच पडदा होईल. टेपरेकॉर्डर आहे, प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवता येतील. तेव्हा घ्यायचं ते फक्त बटनांचं मशीन, ज्याच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर असतो. आणि वीज सांभाळणारी पेटी. शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

दुकानदारानं खुर्ची घनश्यामला दिली.

"भाऊसाहेब, याच्यासोबत कलर टीव्ही घेऊनच टाका. काळ्या-पांढऱ्यावर मजा नाही येत."

"मजा नाई पायजे," निर्मलाबाई उभ्यानंच म्हणाल्या, "अक्षर दिसलं पायजे. काळ्यावर पांढरं अक्षर आमच्या फळ्यावरबी दिसते."

"वहिनी शिक्षिका आहेत वाटतं?" दुकानदारानं हेही घनश्यामलाच विचारलं.

"गनिताच्या," घनश्याम म्हणाला. "मी तेराचा पाढा आजूनबी त्यायलेच इचारतो."

मग दुकानदारानं खेळायचा दांडा दाखवला, छापायचं यंत्र दाखवलं, मशीनवर घालायचा मखमली झगा दाखवला. निर्मलाबाईंनी एकेक बाजूला सारलं. शेवटी स्टॅबिलायझर निघाला. पुढं गोल बटन, त्याला सहा घरं.

"व्होल्टेज कमी झाला की बटन पुढं सरकवा. विषय संपला."

"आन सरकवून ठेवल्यावर गिरनी थांबली तं?"

"कोणती गिरणी?"

"आमच्या भिंतीले लागून राइस मिल हाये. ते धान काढून राहिली असली का आमच्या घरी एकशेचाळीस व्होल्ट. थांबली का एकदम दोनशेचाळीस. तुमचं बटन सहाव्या घरावर असंन आन गिरनी थांबली, तं मशीनमंधी किती शिरन? जादा झाल्यावर आपोआप तोडनारा पायजे मले."

दुकानदार हसला. घनश्यामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, वहिनींना समजवा जरा. कंपनीनं विचार करूनच बनवलं आहे. लेडीज लोकांनी एवढं डोकं कायले शिणवायचं?"

निर्मलाबाईंनी पिशवी टेबलावर आपटली. "भाऊ, मी इथं उभी हाये. पैसे माह्या पिशवीत हायेत. माह्यासंगं बोला. आन नसंन बोलाचं तं मशीन तेवढं बांधून द्या, बोलनं तुमच्यापाशीच ठेवा."

मशीन तेवढं घेतलं. परतीच्या बसमध्ये त्या मशीनचं खोकं मांडीवर घेऊन बसल्या. घनश्यामनं भीतभीत विचारलं, "आता पेटीचं काय?"

"पवनीले भैय्यालाल हाये."

भैय्यालाल बसस्टँडमागच्या टपरीत विहिरीवरच्या जळक्या मोटारी पुन्हा तारा गुंडाळून जिवंत करायचा. शाळा चौथीपर्यंत. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कानामागची बिडी काढली आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, गिरनी थांबल्यावर लाइट एकदम चढते, का हळूहळू?"

निर्मलाबाईंना वाटलं, याच्या पाया पडावं. आख्ख्या नागपुरात हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

आठ दिवसांनी त्यानं पेटी दिली. पाट्याएवढी जड, रंग शेंदरी, कारण तोच रंग शिल्लक होता. पुढं तीन घरांचं बटन, आणि आत एक करामत. वीज जादा झाली की खट्ट आवाज होऊन सगळं बंद. "मशीन मरनार नाई," भैय्यालालनं सांगितलं. "तुमचं काम मरन. पन मशीन नाई."

तसंच व्हायचं. गिरणीचा पट्टा चढला की टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. निर्मलाबाई बटन एक घर पुढं करायच्या. प्रोग्रॅम कॅसेटवरून चढायला पाच मिनिटं, आणि पावणेपाचव्या मिनिटाला गिरणीवाला पट्टा उतरवायचा. खट्ट! त्या कपाळावर हात मारायच्या, पुन्हा पहिल्यापासून. पंधरा-वीस दिवसांत त्यांना गिरणीचा आवाज असा ओळखू यायला लागला की नुसत्या आवाजावरून हात बटनाकडे जायचा. वर्गसमीकरण टाकलं की मशीन दोन उत्तरं द्यायला लागलं, त्या दिवशी त्यांनी घनश्यामला हाक मारून दाखवलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण तो फार खूश झाला.

इकडे टेकचंद सर नागपूरहून परतले. येताना शाळेसाठी स्टॅबिलायझर घेऊन आले. सहा घरांचा, गोल बटनाचा. निर्मलाबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"सर, हा नोका लावू. गिरनीची लाइन शाळेवरूनच जाते."

"मॅडम, मी शिकून आलो आहे," टेकचंद सर म्हणाले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. कपाट उघडलं. टॉवेल निघाला. नववीच्या पोरी खिडकीला चिकटल्या. टेकचंद सरांनी सगळी बटनं दाबली, पडद्यावर एक मरतुकडा उजेड आला आणि गेला. गिरणी जोरात चालू होती. सरांनी स्टॅबिलायझरचं बटन सरकवलं. दुसरं घर, तिसरं, थेट सहावं. अक्षरं दिसली, पण थरथरणारी.

"जरा स्थिर नाही का होत?" साहेबांनी विचारलं.

हेडमास्तरांनी दारातल्या शिपायाला ओरडून सांगितलं, "सुखराम! पळ. गिरणीवाल्याला म्हण, साहेब आलेत, पाच मिनिटं गिरणी बंद कर."

"अजी नोका!" निर्मलाबाई मागून ओरडल्या. "आधी बटन मागं घ्या! सर, बटन मागं घ्या!"

"बाई, साहेबांसमोर आवाज?" हेडमास्तर वळले. "तुम्ही वर्गावर जा."

"मी जातो, पन बटन—"

सुखराम पळण्यात पटाईत. गिरणीचा आवाज जाड होता तो पातळ झाला, मग नुसता पट्ट्याचा फटफटाट, मग काहीच नाही. पडदा लख्ख पांढरा झाला. मशीनच्या मागून टिचकी वाजावी तसा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास खोलीभर पसरला. खिडकीतली एक पोरगी म्हणाली, "मेला."

वर्षभर हार घालून जपलेला. एका पोरीचा हातही त्याला लागला नव्हता.

साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले, पुढच्या शाळेला निघाले. उद्या पवनीहून परतताना पुन्हा येतो म्हणाले. जीप वळताच हेडमास्तर निर्मलाबाईंकडे आले. सगळ्यांना वाटलं, आता म्हणतील, चुकलं.

"तुम्हाला माहीत होतं तर आधी नीट सांगायचं होतं, बाई."

निर्मलाबाईंनी भर स्टाफरूममध्ये एकेक बोटावर मोजायला घेतलं. "अर्ज देल्ला, तो तुम्ही घडी घालून ठेवला. टेकचंद सरले सांगतलं, ते शिकून आल्ते. आज ओरडून सांगतलं, तं वर्गावर जा म्हनलं. आता आखीन कसं सांगू? गिरनीवर चढून?"

"बरं, बरं." हेडमास्तरांनी आवाज खाली आणला. "तुमचा घरचा आहे ना, तो उद्या आणा. शाळेचाच म्हणून मांडू. साहेबांपुढं इभ्रत राहील."

"आनतो. लिहून द्या, का नववीचा कॉम्प्युटरचा तास माहा हाये."

"असं लिहून कसं देता येईल? समितीला विचारावं लागतं."

"तं मंग मशीनबी समितीच्या घरूनच आना."

त्या व्हरांड्यात आल्या. पोरी अजून तिथंच घोळक्यानं उभ्या होत्या. निर्मलाबाई त्यांना म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी गिरनी बंद असते. शाळा सुटली का माह्या घरी या. पाच-पाच जनी. हात धुऊन याचं, चिंचा खाऊन नाई."

"हे नियमात बसत नाही, बाई," हेडमास्तर दारातून म्हणाले.

"गिरनी बंद करनं कोनत्या नियमात बसत होतं?"

घरी येऊन त्यांनी पिशवी खुंटीला टांगली. घनश्यामला सगळं सांगता सांगता त्या दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. तास मिळाला नव्हता. बहुतेक मिळणारही नव्हता. "समिती म्हने! तिथं एकाले तरी सांगता येते का सहावं घर काय असते!"

"बाजाराच्या दिवशी पाच पोरी येतीन," घनश्याम म्हणाला. "बसतीन कुठं? खाट बाहेर काढू का?"

"काढा." त्यांनी फळीकडे हात केला. "आन टीव्ही वरच्या फळीवर ठेवा, मागच्यायले दिसला पायजे."

भिंतीपलीकडं गिरणी पुन्हा सुरू झाली. रांजणात वाकून पाहिलं तर पाणी तळाला गेलेलं. निर्मलाबाईंनी चुंबळ डोक्यावर ठेवली, पाणी भरायचा पितळेचा गुंड घेतला आणि पुटपुटतच विहिरीकडे निघाल्या.