शुद्ध तिखट, पत्त्यासकट

माझी माय सौसरच्या एका व्यापाऱ्याकडे मिरची कुटायची. त्याच्या पाकिटावर ठळक ‘शुद्ध’ छापलेलं असायचं आणि आत कसला रंग मिसळतात ते तिला पुरतं ठाऊक होतं. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास तिनं ते काम सोडलं. आमच्या जमिनीच्या तुकड्यात शेणखतावर, औषधाचा एक फवारा न मारता मिरची पिकली होती. ती कुटून स्वतः विकायची, पुन्हा दुसऱ्याच्या दारी जायचं नाही, असं तिनं ठरवलं.

मी नगरपालिकेत कारकून. नियम वाचायची भारी हौस. पाकिटावर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता हवा, असं वाचलं होतं, म्हणून मोठ्या दिमाखात लेबलं छापून आणली: ‘शुद्ध तिखट, शेणखताच्या मिरचीचं. बुद्धविहाराजवळ, सौसर.’ मायला अक्षरओळख नव्हती. तिनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि एकेक लेबल खळीनं चिकटवलं.

बाजारातल्या किराणा दुकानदारानं पाकिटं ठेवून घेतली. पंधरा दिवसांनी गेलो तर जवळजवळ सगळी तशीच.

“भाऊ, माल एक नंबर हाये,” तो म्हणाला. “पण लोकं पाकीट उलटून पत्ता पाहून राहिले, अन् ठेवून देऊन राहिले. मी काय करू?”

माझ्यासमोरच एका बाईनं तसं केलं आणि ते रंगवलेलं ‘शुद्ध’ पिशवीत टाकलं. असा संताप आला की तिथंच सगळं तिखट उधळून द्यावं. पण कारकून पडलो. दुकानदाराला नमस्कार करून बाहेर आलो.

“खपलं का रे बाबू?” मायनं दारातच विचारलं.

“लेबलं खराब झाली, नवी छापतो,” मी म्हणालो.

नव्या लेबलांवर पत्ता टाकला: ‘बाजार चौक, सौसर.’ त्या चौकात आमची वीतभर जागा नव्हती.

महिन्याभरात सगळं खपलं. माय वस्तीभर सांगत फिरली, “पाह्य, आता आपल्या हातचं खाऊन राहिले लोकं!” तो व्यापारी रंगाला शुद्ध म्हणायचा, मी शुद्धाला खोटा पत्ता लावला. त्याला शिव्या घालायचं माझं तोंडच बंद झालं.

एका संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर तिनं शेजारणींसमोर पाकीट माझ्या हातात दिलं.

“वाच बरं, कुठलं लिवलं हाये ते.”

मी पत्त्यावर अंगठा ठेवला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “बुद्धविहाराजवळ, सौसर.”