वीस मिनिटांची भाऊबीज

फास्ट गाडीत एकदाही न बसता सत्तरी गाठलेला रेल्वेचा माणूस अख्ख्या भारतात एकच असेल, आणि तो नेमका झाशीत, लक्ष्मी तालाजवळ आमच्या शेजारी राहतो. सगळा मोहल्ला त्यांना गार्डसाहेब म्हणतो. सारी नोकरी पॅसेंजरवर काढली, आणि आता कानपूरला मुलाकडे जायचं तरी पॅसेंजरच. मुलगा फास्ट गाडीचं तिकीट काढतो, हे रद्द करायला लावतात. "जी गाडी लहान स्टेशनाला ओळख दाखवत नाही, तिला मी का दाखवू?" चालणंही तसंच. बडा बाजारात भाजीला निघाले की दर दुकानापुढे यांचा थांबा. एकदा घाईच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो आणि कानाला खडा लावला!

पण हे नुसतं वेड नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांची धाकटी बहीण, बेबीताई, गुरसरायला दिलेली. ऐन लग्नात मेहुणे थट्टेने म्हणाले, "पॅसेंजरचा गार्ड म्हणजे रेल्वेतला बैलगाडीवाला." झालं! "तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही," असं हे बोलून बसले आणि ते कायमचं धरून बसले. मग भाऊबीज कुठे व्हायची? गुरसरायला जाण्यासाठी जिथे उतरतात, ते लहानसं स्टेशन कानपूरच्या वाटेवरच आहे. मागून येणाऱ्या फास्ट गाडीला रस्ता द्यायला पॅसेंजर तिथे वीस मिनिटं बाजूला उभी करत. डब्यातले लोक कावत, "इन फास्टवालों ने तो खाट खड़ी कर दी!" आणि हे दर भाऊबीजेला प्लॅटफॉर्मच्या बाकावर मांडी घालून बहिणीकडून ओवाळून घेत. फास्ट गाडी लेट असली की यांचा चेहरा फुलायचा. "येऊ दे सावकाश. बिचारी दमली असेल."

यंदा मीही बरोबर होतो. नव्या वेळापत्रकात पॅसेंजरला बाजूला काढणं बंद झालंय, तिथे ती एकच मिनिट थांबते. गार्डसाहेब झाशीपासून नुसते घड्याळ बघत होते. एरवी त्यांच्या बडबडीला कंटाळणारा मी, देवाशपथ सांगतो, ती बडबड शोधत होतो.

स्टेशन आलं. पदराआड निरांजनाचं तबक धरून बेबीताई धावतच आमच्या दाराशी आल्या. कसाबसा टिळा लावला, तबक उचललं, तोच शिट्टी झाली.

"राहू दे दादा, हो गया," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

गार्डसाहेबांनी पिशवी उचलली आणि गाडी हलायच्या आत खाली उतरले.

"अरे दादा, गाडी!"

"जाऊ दे तिला. यंदा मी बाजूला उभा राहतो." मग जरा घुटमळून म्हणाले, "मेहुणे घरी आहेत ना? त्यांना म्हणावं, बैलगाडीवाला येतोय."

मी दारातून बघत राहिलो. बेबीताईंनी तबक एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने त्यांचा दंड घट्ट धरला होता, आणि दोघं अगदी सावकाश फाटकाकडे चालले होते. शेजारची जागा रिकामी घेऊन मी पुढे निघालो. आमची गाडी कुठेही न अडता धावत होती. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, मागून एखादी फास्ट गाडी यावी आणि आम्हाला जरा बाजूला उभं करावं.