कृष्णातची चिमूट

तुर्भ्याच्या एमआयडीसीत कापसाची पावडर करणारा एक कारखाना आहे. सरकीला चिकटलेला आखूड कापूस कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कॉस्टिक आतपर्यंत मुरलं की ॲसिड सोडायचं, मग धुऊन, सुकवून दळायचं. ही पावडर टाकली की पाणी दाट होतं. डोळ्यांत घालायच्या थेंबांतही ती असते.

सगळी मेख त्या मुरण्यात. कच्च्या भातासारखी मधे कणी राहिली, तर माल पुढे विरघळत नाही. नुसत्या घड्याळावर भागत नाही, कारण कापूस दर खेपेला वेगळा. पण कृष्णातला ते कळायचं. सव्वीस वर्षं हा साताऱ्याकडचा गडी नियम धाब्यावर बसवून हातमोजा काढायचा, कापसाची चिमूट चोळून बघायचा, हात धुवायचा आणि म्हणायचा, "झालंय." मग साहेबसुद्धा ब्र काढत नसत. गर्व होता त्याला, आणि का नसावा?

कॉस्टिकनं मात्र त्याचा मुलाहिजा ठेवला नाही. दोन वर्षांपूर्वी चहाच्या पातेल्यानं बोट भाजलं, तेही बायकोला, प्रेमलाला, फोड दिसला तेव्हा त्याला समजलं. कारखान्यात त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. बोटं बधिर झालेला माणूस रुबाबात चिमूट चोळत राहिला, अंदाजानं. दोन वर्षं निभलंही.

परवा सकाळी डोळ्यांच्या थेंबांसाठीचा माल केटलमध्ये, म्हणजे कापूस भिजवायच्या मोठ्या टाकीत होता. हाताखालच्या दीक्षानं मोज्यातूनच चिमूट दाबली.

"काका, मधे कडक लागतंय. वीस मिनटं थांबू या का?"

कृष्णातनं चोळलं. काहीच कळलं नाही.

"झालंय. सोड ॲसिड."

तिनं सोडलं, नोंदीच्या शीटवर सही केली. दुपारी लॅबच्या ग्लासात पावडर ढवळली, तर पाण्यात तंतूच तंतू. अख्खा माल गेला. प्लँटचे विश्वजित साहेब सही पाहून दीक्षावर उखडले.

"नवीन माणूस, घाई नडली. उद्यापासून येऊ नका."

दीक्षानं कृष्णातकडे पाहिलं. तो गप्प राहिला असता तर कुणाला संशयही आला नसता. तो पुढे झाला.

"साहेब, ती थांबा म्हनत हुती. मीच सोडायला लावलं." त्यानं मोजे काढून टेबलावर ठेवले. "ही बोटं मेल्याती. दोन वर्सं झाली."

दीक्षाची नोकरी राहिली. कृष्णातला पोती शिवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी नवा घाणा चढला, तेव्हा दीक्षा त्याला बोलवायला आली. केटलपाशी तिनं चिमूट दाबली आणि सवयीनं त्याच्याकडे पाहिलं.

"मला इचारू नगंस. तुला काय लागतंय?"

"कणी आहे, काका."

"मग थांब."

ती घड्याळाकडे बघत थांबली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा चिमूट दाबली आणि या खेपेला त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "झालंय."

कृष्णातला ते फार लागलं. तो पोत्यांकडे परत गेला.