पट्टेवाल्या बाई

आमच्या प्रसूतिगृहाच्या मागच्या दाराशी एक बाई कामाला होत्या. बाळ घरी न्यायला आलेल्या प्रत्येक गाडीत त्या गुडघा टेकून वाकायच्या, बाळाची सीट दोन्ही हातांनी हलवून बघायच्या, पट्टा चिमटीत धरायच्या. चिमटीत घडी आली की पट्टा सैल, पुन्हा ओढायचा. साहेबांच्या दाराशी पट्टेवाला, तशा या बाळांच्या पट्टेवाल्या, अशी कोणीतरी थट्टा केली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाळाची सीट पाठमोरीच हवी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, यावर त्या अडून बसायच्या. एकदा एक आजी भडकल्या. "पोराला ना आई दिसत, ना बाप. उलट्या काळजाच्याच दिसता तुम्ही!"

बाईंनी हात उभा धरून मूठ वळली. "आजी, ही मूठ म्हणजे बाळाचं डोकं, हे मनगट म्हणजे मान. गाडी धडकली की धड पट्ट्यात अडकतं, डोकं पुढे जातं." मूठ झटक्यात पुढे पडली. "पाठमोरं असलं की सगळा दणका सीट झेलते."

नातवाची सीट पाठमोरीच गेली.

मी तिथेच परिचारिका. तेरा वर्षं आम्ही दोघींनी एकाच थर्मासमधला चहा प्यायला. इतक्या गाड्यांत डोकं घालणाऱ्या या बाई स्वतः कधी गाडीत बसत नसत. पाऊण तास चालत यायच्या. एखाद्या गाडीत थोरलं भावंड खुदकन हसलं, की त्यांचे हात थबकायचे. "कोण हसलं?" असं विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत.

एकदा मी विचारलंच. त्यांनी कप खाली ठेवला.

"थोरल्या बहिणीची मुलगी होती. तेरा महिन्यांची. ताई गाडी चालवत होती, मी शेजारी. पोर मागे पाठमोरी, रडून रडून घसा बसलेला. आम्ही कडेला थांबलो. मी उतरले आणि सीट फिरवून सरळ केली, पुढे तोंड करून. मी दिसल्यावर खुदकन हसली गं. पुढच्या चौकात एक टेम्पो आडवा आला. फार वेगही नव्हता. ताईचा ओठ फुटला, मला खरचटलंसुद्धा नाही. मागे मात्र एकदम शांत."

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

"तेव्हा सीटच्या पुस्तिकेत एक वर्षापर्यंतच पाठमोरं, असा नियम होता. हवालदारानं लिहिलं, सीट नियमाप्रमाणे. कायद्यानं सोडलं मला. पुढे नियम बदलला, एका वर्षाची मर्यादा दोन वर्षांची झाली. ती बातमी आलेला पेपर मी दिवसभर हातात घेऊन बसले होते."

ताईंनी त्यांना कधी बोल लावला नाही. बोलणंच थांबलं. कुणाचं लग्न, कुणाचा दहावा, एवढ्यापुरत्या भेटी.

गेल्या वर्षी त्या ताईंची सून आमच्याकडेच बाळंत झाली. ताईंचा हा मुलगा त्या पोरीनंतरचा. घरी जायच्या दिवशी बाळ घेऊन मी दाराशी आले, तर मागे ताई उभ्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, वरच्या ओठावर व्रण. बाई सीटशी वाकलेल्या. मी बाळाला सीटमध्ये ठेवलं. बाईंनी पट्टा धरला, पण ओढता येईना.

ताई पुढे झाल्या. बहिणीच्या हातावर हात ठेवून दोघींनी मिळून पट्टा ओढला.

"अजून स्वतःला खातेस?" ताई हळूच म्हणाल्या. "सीट फिरव, असं मीच म्हटलं होतं. मला तिचं रडणं ऐकवत नव्हतं."

"नाही ताई. तू म्हणाली होतीस, राहू दे, घर आलंच."

"मी म्हटलं होतं, फिरव."

"खोटं बोलू नकोस गं."

"मी कशाला खोटं बोलू? गाडी कडेला कोणी घेतली?"

भाचा स्टिअरिंगवरून वळून म्हणाला, "मावशी, तूही चल ना." त्याची बायको पुढच्या सीटवर जाऊन बसली. बाई कितीतरी वेळ उघड्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मग बाळाच्या एका बाजूला त्या बसल्या, दुसऱ्या बाजूला ताई. गाडी निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. दोघी म्हाताऱ्या बाळाकडे बघत नव्हत्या. पुढच्या रस्त्याकडे माना ताणून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला हजर. डोळे सुजलेले.

"संध्याकाळभर भांडलो," त्या म्हणाल्या. "फिरव कोण म्हणालं यावरून. त्या पोरीचं नाव इतक्या वर्षांनी त्या घरात घेतलं गेलं. ताईला ‘फिरव’ आठवतं, मला ‘राहू दे’. आता खरं काय ते सांगायला कोणी नाही."

"त्या तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील का?"

"तेच तर कळत नाही," त्या म्हणाल्या. "आणि मीही तिला बरं वाटावं म्हणूनच बोलते, असं तिला वाटतं."

बाहेर हॉर्न वाजला. पुढचं बाळ निघालं होतं.