कापराचं तेल

सलीमला शेवटची आंघोळ घातली तेव्हा कापराचा वास बाहेर अंगणापर्यंत आला, आणि मी एकदम तिसगावच्या तालमीत जाऊन बसलो.

तिथं सराव करताना सलीमच्या धोबीपछाडीनं माझा उजवा खांदा निखळला होता. तो बसवला, पण हात वर जाईना. वस्तादांचा नियम असा, की ज्याच्या हातून दुखापत झाली त्यानंच गडी पुन्हा कुस्तीच्या हौदात उतरेपर्यंत मालिश करायची. त्यामुळे रोज पहाटे सलीम कापूर घातलेलं तिळाचं तेल कोमट करून माझ्यामागं बसायचा.

त्यातली एक पहाट अजून तशीच आहे. हौदातल्या तांबड्या मातीला तिच्यात मुरवलेल्या ताकाचा आंबूस वास होता. सलीमचा अंगठा खांद्याच्या पात्याखाली गाठ शोधत हळूहळू फिरत होता.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"खोटं नको बोलू. तू सांगितल्याबिगर मला कसं कळंल?"

मी रागानं डाव्या हातानं समोरची माती उकरत बसलो. त्याचा अंगठा घडीघडी थांबत होता. मला वाटलं, कंटाळला असेल. तोही माझ्याच वयाचा, मिसरूड फुटलेला पोरगा होता आणि भ्याला होता, हे तेव्हा सुचलंच नाही.

पुढं खांदा बरा झाला. मी कुस्त्याही केल्या.

जनाजा उचलायची वेळ झाली तेव्हा सलीमचा मुलगा जवळ आला. "काका, तुमी डावा खांदा द्या. उजव्या खांद्याला जपायचं, असं अब्बा कायम म्हणायचे."

मी उजवाच खांदा पुढं केला.