रद्द लायसन्स घेऊन पोलादपूरपर्यंत

आधीच सांगते, ही पोस्ट वाचून कुणाला लगेच गाडी काढावीशी वाटणार नाही. पण आंबेनळी घाटाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, आणि एका प्रश्नाचं उत्तर मला चांगलंच मिळालंय, म्हणून लिहितेय.

माझा बाबा आयुष्यभर ट्रक ड्रायव्हर. उरणच्या मिठागरांतलं मीठ भरायचं आणि आंबेनळी चढून साताऱ्याकडे न्यायचं. आता काचबिंदूने त्याची नजर कडेकडेने गेलीय, बारीक अक्षर लागत नाही, समोरचं तेवढं दिसतं. तेही किती दिवस, हे डॉक्टर सांगत नाहीत. बाबाने एकच मागितलं, दिसतंय तोवर घाट दाखव.

यात एक गोम होती. त्याचं लायसन्स मी रद्द करून घेतलं होतं, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी नेरे गावात त्याने पिकअप थेट एका कुंपणात घातली. पलीकडे एक बाई अंगण झाडत होती, ती वाचली ती तिच्या नशिबाने. ऑपरेशन होईस्तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, एवढंच मी त्याला सांगितलं. लायसन्सचं सांगायची माझी हिंमतच झाली नाही.

शनिवारी घरून, म्हणजे पनवेलजवळच्या करंजाड्याहून, उशिराच, दहाला निघालो. पेणपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे कुठे काँक्रीट, कुठे डायव्हर्जन, धूळ तर विचारूच नका. कोलाडच्या पुढे मिसळ खाल्ली, तिखटजाळ पण छान. माणगावात नेहमीसारखे अडकलो, तिथला एक तास हिशोबात धराच. बाबा पुढच्या सीटवर बसून मला गाडी शिकवत होता. मी वीस वर्षं चालवतेय हे त्याच्या गावीही नाही! गियर टाक, हॉर्न दे, त्या डंपरच्या मागे राहू नको. इतका खुशीत मी त्याला कितीतरी दिवसांनी पाहत होते.

बेत असा होता की पोलादपूरला मुक्काम करायचा आणि सकाळी लवकर घाट चढायचा. ऊन तापलं की त्याच्या डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड होतो. चारच्या सुमाराला लॉजवर पोचलो. खोली स्वच्छ होती, भाडं बाराशे. काउंटरवरच्या गृहस्थांनी दोघांची ओळखपत्रं मागितली. मी आधार दिलं. बाबाने शर्टाच्या खिशातून लायसन्स काढून ऐटीत पुढे ठेवलं.

आधार घे म्हणून मी निघताना दोनदा बजावलं होतं. पण ड्रायव्हर माणूस घराबाहेर पडताना लायसन्स चाचपतो, दुसरं काही नाही. आधार कपाटातच राहिलं होतं. डिजिलॉकर उघडायला गेले, तर ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता.

कार्डावरच्या फोटोत काळे केस आणि जाड मिशी. गृहस्थांनी फोटोकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं आणि नंबर परिवहनच्या ॲपमध्ये घातला.

"काका, हे रद्द झालंय. हे नाही चालायचं."

बाबा हसला. पुन्हा बघा म्हणाला. पोरीनेच रिन्यूचा फॉर्म भरलाय, मी स्वतः सही केलीय, असंही सांगितलं. गृहस्थांनी मोबाइलची स्क्रीन माझ्याकडे वळवली. कॉम्प्युटरची चूक असेल, एवढं म्हटलं असतं तरी त्याने मानलं असतं. माझ्याने म्हणवेना.

"बाबा, तो रिन्यूचा फॉर्म नव्हता. लायसन्स सोडून देतोय, असं लिहिलं होतं त्यात."

"मंग मी सही का केली?"

"मी रिन्यूचा आहे म्हणाले म्हणून."

बाबाने कार्ड चाचपडत उचललं, खिशात घातलं आणि तो बाहेर गेला. गृहस्थ भले होते, आधारचा फोटो कुणाकडून मागवता आला तर बघा म्हणाले. मी धावत गाडीपाशी गेले, तर बाबा मागच्या सीटवर बसला होता. शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे, दहा मिनिटांत फोटो येईल, म्हटलं.

"नको. घाट नको मना. घरा चल."

घाट तिथून हाकेच्या अंतरावर होता. मी गाडी पनवेलकडे वळवली. महाडपर्यंत मला रडू येत होतं आणि मग रागही आला. ती बाई मेली असती म्हणजे? मी केलं ते बरोबरच होतं. फसवून केलं, एवढंच. खड्ड्यांतून गाडी आपटत होती, तरी मागून एकदाही गियर बदल असं कुणी म्हणालं नाही.

तर वाचकांनो, रद्द झालेलं लायसन्स ओळखपत्र म्हणून दाखवू नका. कुणी तपासलं नाही तर खपेलही, पण तपासलं की संपलं. आणि म्हाताऱ्या माणसांचं आधार निघताना स्वतः डोळ्यांनी बघून घ्या. घाटाचे फोटो माझ्याकडे नाहीत.

घरी सगळं सुरळीत आहे. बाबा जेवतो, बोलतो, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरतो. परवा ऑपरेशनच्या संमतीचा कागद आला, त्यावर त्याची सही हवी होती. मी वाचून दाखवायला घेतला, तर त्याने हात पुढे करून तो माझ्याकडून मागून घेतला. मग दारात जाऊन शेजारच्या काकूंना हाक मारली.

"वैनी, हे जरा वाचून दाखवा. सगला वाचा."